काळं तेवढं खोल

चहाचा पहिला घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. गिळवेना आणि थुंकवेना. चहा खारट होता. समोर बायको बसली होती, माझ्या उजव्या कानाच्या थोडं पलीकडे बघत, म्हणजे माझ्याकडेच बघत. तिचे डोळे मधोमध गेले आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की पडद्याचा मधला भाग झिजत जातो आणि कडा शाबूत राहतात. त्यामुळे दार दिसेल, खिडकी दिसेल, घरात वावरता येईल, पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच नेमकं दिसणार नाही. म्हणून ती हल्ली कशाकडेच रोखून बघत नाही. जे बघायचं त्याच्या शेजारी बघते, आणि ते कडेकडेनं, धूसर होऊन तिच्या नजरेत येतं. मी तो घोट गिळला. दुसराही घेतला. मुकाट्यानं कप संपवावा, विषय निघायला नको, असा बेत होता. पण तिचे कान आता घरभर असतात. कप खाली ठेवल्याचा आवाज रोजच्यासारखा झाला नसावा, कारण तिनं लगेच स्वतःचा कप उचलला, ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मग ती उठली, ओट्यापाशी गेली, साखरेचा म्हणून वापरलेला डबा घेऊन आली आणि त्यावर चिकटवलेल्या लाकडी पाटीवरून अंगठा फिरवू लागली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. त्या पाट्या मीच केल्या होत्या, मागच्या खोलीतल्या यंत्रावर, चांगली ठळक अक्षरं जाळून, तिला सोयीचं पडावं म्हणून.

“ही तर कोरी आहे,” ती म्हणाली.

कोरी कशी, काळीभोर अक्षरं आहेत, मी म्हणालो. “तुम्हाला असतील,” ती म्हणाली आणि कप उचलून मोरीत ओतायला गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती गेल्यावर मी तो डबा हातात घेतला आणि डोळे मिटून पाटीवरून बोट फिरवलं. खरंच कोरी होती. गुळगुळीत, एका बाजूनं किंचित खरखरीत, बस्स. अक्षरं होती ती फक्त डागाची होती. ‘मीठ’ असं स्वच्छ लिहिलेला डाग.

त्या यंत्राबद्दल सांगायला हवं. जेवणाच्या टेबलाच्या निम्म्या आकाराचं, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं ते एक चौकटीसारखं प्रकरण आहे, आणि त्यावर एक डोकं तीन दिशांना सरकतं, संगणक सांगेल तसं. डोक्यात पातं बसवलं तर लाकूड कोरतं, लेझर बसवला तर जाळून उमटवतं. हौशी लोकांचं यंत्र. कारखान्यातला माणूस बघून हसेल. ते मी आणि ठकीनं मिळून जोडलं होतं. ठकी म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण त्या नावानं तिला शाळेबाहेर कुणी हाक मारली नाही. ती गेली त्याला काही वर्षं झाली. किती ते मी मोजत नाही. बायको मोजते, पण बोलत नाही. यंत्राचे सुटे भाग खोक्यातून आले तेव्हा ठकीनं ते जमिनीवर पसरले आणि माझ्या हातातला पाना काढून घेतला, बाबा, तुम्ही फक्त धरा, म्हणाली. तिला स्क्रू आवळायचा भारी नाद. पुरे, पुरे म्हटलं की आणखी एक वेढा द्यायची. कशाला इतकं आवळतेस, उद्या सोडवायचं झालं तर, असं मी म्हणायचो, आणि ती म्हणायची, सोडवायचं कशाला? मग आम्ही त्यावर कानातली केली, किल्ल्यांचे बिल्ले केले, शेजाऱ्यांच्या दारावरच्या नावाच्या पाट्या फुकटात केल्या. ती गेल्यावर यंत्रावर एक जुनी चादर पडली. डब्यांच्या पाट्यांच्या निमित्तानं मी ती चादर काढली होती, एवढंच.

पातं बसवून अक्षरं कोरता आली असती, हे मलाही कळतं. पण पातं फिरायला लागलं की दाताच्या दवाखान्यासारखा आवाज घरभर घुमतो, आणि बायको आता आवाजावर चालते. नळ कुठे टपकतो, दूध कधी वर येतं, मी कुठल्या खोलीत आहे, सगळं ती ऐकून ठरवते. मागच्या खोलीत पातं सुरू झालं की ती जिथं असेल तिथं थांबते, हात पुढे करून, ते बंद होईपर्यंत. एकदा मी तिला तशी पॅसेजमध्ये उभी असलेली पाहिली आणि पातं काढून ठेवलं. लेझर बिचारा गप्प असतो. पण आमचा लेझर आगपेटीएवढा होता, हौशी यंत्राबरोबर फुकट आल्यासारखा. तो लाकडाचं तोंड काळं करतो, आत शिरत नाही. वेग कमी करून पाहिला, एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. कोळसा झाला, खोली आली नाही; बोटानं चोळला की कोळसाही निघून जायचा. म्हणजे आता मोठा लेझर हवा. ताकदीचा. हे ठरल्यावर मला बऱ्याच दिवसांनी एखाद्या गोष्टीची घाई झाली.

फोनवर अशा यंत्रवाल्यांचा एक गट आहे, त्यात विचारलं. एकानं सांगितलं दहा वॅट खूप झालं, दुसरा म्हणाला वीसच्या खाली बघूच नका, तिसऱ्यानं हे दोघे कसे मूर्ख आहेत ते सांगितलं आणि मग त्या तिघांची आपापसात जुंपली, मी बाजूलाच राहिलो. शेवटी सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तिथला दुकानदार गोल, बसक्या आवाजाचा, बोलायला लागला की थांबत नाही असा. मी एका खोक्यावरचा मोठा आकडा बघून हा द्या म्हणालो, तर तो हसला. म्हणाला, साहेब, हा आकडा म्हणजे डबा वीज किती खातो तो. उजेड किती बाहेर टाकतो तो आकडा मागे बारीक अक्षरात असतो, चौथाई भरतो. मला ते पटलं. मी काम करतो त्या हॉस्पिटलात अशी माणसं पुष्कळ आहेत. मग त्यानं खरोखर वीस वॅट उजेड टाकणारा एक काढला, विटेएवढा, डोक्यावर पंखा बसवलेला. याला वेगळी वीज लागेल, जुना पुरवठा पुरणार नाही. याचं वजन तुमच्या यंत्राला झेपेल का ते बघा, कडेला पट्टी जास्तीची लावा. नळी लावून फुंकर मारायला एक छोटा पंप घ्या, नाहीतर काजळी भिंगावर बसेल. आणि डोळ्यांना चष्मा, तो मात्र या उजेडाचाच, उगाच रंगीत काच चालणार नाही. डोळे गेले तर गेलेच, म्हणाला तो सहजपणे, आणि मी मान हलवली. नक्की काय करायचंय, त्यानं विचारलं. अक्षरं खोल हवीत, मी म्हणालो.

“अक्षरांना हा बेस्ट आहे. फोटोबिटो उमटवायचा असेल तर मात्र जुनाच लावा. हा फोटोत नुसते खड्डे पाडेल.”

तेव्हा माझ्या डोक्यात फोटोचा विचार नव्हता. पण ते वाक्य कानात राहिलं असणार, आणि उलटं होऊन राहिलं असणार. खड्डेच तर हवे आहेत, असं.

जुना लेझर काढायला बसलो तेव्हा दुपार होती. बायको बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होती. चार स्क्रू होते आणि चारही ठकीनं आवळलेले. पाना लावला आणि हात पुढे जाईना. वेडेपणा आहे, कळत होतं. धातूच्या स्क्रूत कुणाची बोटं राहत नाहीत. पण हे घरातलं शेवटचं असं काहीतरी होतं की जे तिनं घट्ट केलं होतं आणि ते अजून तसंच घट्ट होतं. तिची खोली आवरली गेली, तिचे कपडे बायकोच्या बहिणीनं नेले, तिच्या फोनची बॅटरी फुगून तो फोनही गेला. हे चार स्क्रू तेवढे तिनं दिलेल्या त्या जास्तीच्या वेढ्यासकट उभे होते. पहिला सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्यानं दम काढला. चौथा हलेचना. मी तेल सोडलं, थांबलो, पुन्हा जोर लावला, आणि पाना सटकून बोटाचं सालपट निघालं. तेव्हा मी जमिनीवर बसून एकटाच हसलो, कारण तिनं हेच केलं असतं, माझी फजिती बघून टाळ्या पिटल्या असत्या. शेवटी त्याचं डोकं तुटलं. शरीर आतच राहिलं, पट्टीत. ते मी काढलं नाही. नवा लेझर तीन स्क्रूंवरच बसवला आणि बाजूनं एक पट्टी लावून घेतली.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. आयुष्यभर तेच केलं. अंधारी खोली, काचेमागे मी, पलीकडे छाती उघडी टाकून उभा असलेला माणूस. हलू नका. श्वास घ्या. रोखून धरा. मग बटण. मग, सोडा. दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की झोपेतही म्हणतो, असं बायको सांगायची. घरात ती चेष्टाच होऊन बसली होती. मी रागावून गप्प झालो, गाल फुगवून पेपरात तोंड घातलं, की ठकी दारातून हॉस्पिटलातल्या माझ्या आवाजात म्हणायची, सोडा. आणि राग पुढे चालवणं कठीण व्हायचं. या धंद्यात माणूस एक गोष्ट हाडात भिनेपर्यंत शिकतो: छटा म्हणजे जाडी. जिथं काही नाही, पोकळ आहे, नुसती हवा आहे, तिथून किरण आरपार जातात आणि चित्रात काळं उमटतं. जिथं भरीव आहे तिथं पांढरं. काळं म्हणजे खोल, पांढरं म्हणजे वर आलेलं. मी चेहऱ्याकडे, रस्त्याकडे, ढगाकडे बघतानाही हेच बघत आलो आहे. नवा लेझर बसवल्यावर त्याची चाचणी घेतली, एका फळीवर छोटे छोटे चौकोन, कमी ताकद, जास्त ताकद, हळू, जोरात, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हेही तसंच होतं. संगणकात जितकं काळं द्यावं तितका उजेड जास्त, तितकं लाकूड आत. नारिंगी चष्म्यातून बघताना तो निळा झगझगीत ठिपका विझल्यासारखा दिसायचा, आणि मागे खरोखरीची खोली पडत जायची, नखाएवढी.

पाट्या पुन्हा केल्या. बायकोनं पहिली हातात घेतली, तर्जनी खाचेत घातली आणि खाच नेईल तशी जाऊ दिली. म तिनं पटकन ओळखला. वेलांटीवर जराशी अडखळली. मग ठ चा गोल फिरून झाला आणि ती हसली. मीठ, म्हणाली, अहो, हे मीठ आहे. मग साखर, मग हळद, मग उगाचच पुन्हा मीठ. त्या दिवशी चहा इतका गोड होता की मी बोललो नाही. इतकं सरळ यश मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं, आणि त्यानंच घात केला असं आता वाटतं. कारण त्याच संध्याकाळी, कप विसळता विसळता, ती पाठमोरी असताना म्हणाली, “तिचा तो भिंतीवरचा फोटो आहे ना, त्यात आता नुसती चौकट दिसते. आत कुणी नसतं.” ती म्हणाली, बाजूला बघितलं तरी येत नाही. भिंत येते, खिळा येतो, चौकट येते. ती येत नाही. एवढं बोलून तिनं नळ बंद केला.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तिची नजर जायला लागली तेव्हा मला वाईट वाटलं, फार वाटलं, दवाखान्याच्या जिन्यात मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी मला सुटल्यासारखंही वाटलं. कारण आता तिला माझा चेहरा दिसणार नव्हता. ठकीचा खोकला हटेना तेव्हा तिला मीच हॉस्पिटलातल्या आमच्या एक्स-रेच्या खोलीत उभी केली होती. हनुवटी वर, खांदे पुढे, हलू नका. ती हसली आणि पहिलं चित्र हललं. पुन्हा घेतलं. श्वास घ्या, रोखून धरा, म्हटलं, आणि या वेळी तिनं शहाण्यासारखा रोखून धरला. पडद्यावर चित्र आलं. फुप्फुसं काळी हवीत. हवा काळी दिसते. डावीकडे जिथं काळं हवं होतं तिथं पांढरं होतं, वरपर्यंत. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. पलीकडून ती म्हणाली, बाबा, सोडू का? मी सोडा म्हणायला विसरलो होतो. आमच्या कामाचा दंडक आहे की एक्स-रे काढणाऱ्यानं काही बोलायचं नाही, चित्र घ्यायचं, पुढे पाठवायचं; सांगायचं ते डॉक्टर सांगतील. मी तो दंडक हजारो लोकांसमोर पाळला होता, नातेवाईक तोंडाकडे बघत राहतात तेव्हा दगडासारखा चेहरा कसा ठेवायचा ते मला येतं. बाहेर बाकावर बायको बसली होती. ती उठली. मी तिच्या पर्सच्या पट्ट्याकडे बघत म्हणालो, डॉक्टर सांगतील. तेव्हापासून मी तिच्याकडे सरळ बघितलेलं नाही, आणि तिला माझ्याकडे बघू दिलेलं नाही. जेवताना ताटात, बोलताना भिंतीवर, झोपताना कुशीवर. दोघांच्या घरात हे जमवणं वाटतं तितकं कठीण नसतं. आणि मग तिचे डोळे गेले, आणि लपायची गरजच उरली नाही.

म्हणून तो चेहरा करायचाच, असं मी ठरवलं. तिला विचारलं नाही. तयार झाला की एकदम हातात ठेवू, मिठाच्या पाटीसारखा. फोटो निवडायला वेळ लागला नाही. खिडकीशी बसलेली ठकी, उजेड एका बाजूनं, केस मोकळे, काहीतरी ऐकत असल्यासारखी मान थोडी वळलेली. त्यातला एक गाल लख्ख आणि दुसरा सावलीत. सगळ्यात रेखीव फोटो तोच. तो काळापांढरा केला. काळं आणखी काळं केलं, पांढरं आणखी पांढरं केलं. हे माझं रोजचंच काम आहे, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. जाड, बिनगाठीची फळी आणली. दुकानदाराचं वाक्य आठवलं आणि मनातल्या मनात त्याला सांगितलं, बाबा रे, तुला उजेडातलं कळतं, मला चित्रातलं कळतं. पंप सुरू केला, धूर ओढायचा पंखा खिडकीत लावला, चष्मा घातला. डोकं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचं, केसाएवढं खाली सरकायचं, परत यायचं. जळक्या लाकडाचा वास खोलीत साचत गेला. वरून कपाळ येऊ लागलं, मग भुवया, आणि भुवयांपाशी ठिपका दबून, जोर करून गेला तेव्हा मी हातानं टेबल घट्ट धरलं. आपण तिला परत आणतोय, असं काही मला वाटलं नाही, तितका मी भाबडा नाही. पण आपण एक गोष्ट तरी नीट पोचवतोय, असं वाटलं. त्या दिवशी बाकापाशी पोचवली नाही ती.

झालं तेव्हा मी काजळी ब्रशनं झटकली आणि वरून बघितलं. हुबेहूब होती. केस सगळ्यात गडद, डोळे जिवंत, उजेडातला गाल लाकडाच्या मूळ रंगाचा. चष्म्याच्या नारिंगी काचेतूनसुद्धा ती माझ्याकडे बघत होती, किंवा मी बाजूला झालो असतो तरी तशीच बघत राहिली असती. मी तिच्याकडे कितीतरी वेळ बघितलं. नुसतं बघितलंच. बोट फिरवून बघावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझे डोळे शाबूत होते.

बायकोला हाक मारली. ती भिंतीला हात लावत आली, धुराच्या वासानं नाक आक्रसून. तिला खुर्चीवर बसवलं, फळी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरून फळीच्या मधोमध टेकवले. काय आहे, तिनं विचारलं. बघा ओळखता येतं का, मी म्हणालो. इतका आनंदात होतो की तिला अहोजाहो केलं. तिनं बोटं वरून खाली आणली. कपाळावर ती जरा थांबली आणि मग पुढे बोटं एकदम आत गेली. भुवया नव्हत्या, दोन चर होते. खाली डोळ्यांच्या जागी भोकं होती, पेराएवढी. तिनं हात बाजूला नेला तर केस असायला हवे होते तिथं खोल, खरबरीत, मोकळा खड्डा, कवटी तिथंच संपल्यासारखी. उजवीकडे गाल होता, सपाट. डावीकडे तिचा हात उतरत गेला, उतरत गेला, आणि गाल आलाच नाही. सावलीचा सगळा भाग यंत्रानं खाऊन टाकला होता. मी तिच्या हातांकडे बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला जे बोटांना कळतं ते डोळ्यांनी दिसलं. काळं म्हणजे खोल नव्हे. केस काळे असतात, ते पोकळ नसतात. सावली गालावर पडते, गाल नाहीसा होत नाही. हे शेंबडं पोर सांगेल. मला सांगता आलं नाही, कारण मी जन्मभर दुसऱ्या प्रकारची चित्रं बघत आलो.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “ही कोण आहे?”

तिनं बोटं पुन्हा एकदा त्या उतारावर नेली, पुन्हा भोकांपाशी आली, आणि मग तिच्या हातांना समजलं. तिनं ते उचलून घेतले. पेरं काळी झाली होती. मला वाटलं आता ती रडेल, किंवा फळी ढकलून देईल, आणि मी दोन्हींची वाट बघत उभा राहिलो. तिनं फळी काळजीपूर्वक पालथी करून मांडीवरच ठेवली. मग म्हणाली, तिचा हा गाल भरलेला होता. हाच जास्त भरलेला होता, ती या कुशीवर झोपायची तरी. ती जे सांगत होती ते फोटोत कुठंच नव्हतं. टाळूवर केसांच्या आत एक टेंगूळ होतं, लहानपणी पाळण्याच्या कडीचं लागलेलं, ते कधी गेलंच नाही, वेणी घालताना रोज हाताला लागायचं. नाकाचं हाड मधे किंचित वाकडं. कानाची पाळी चिकटलेली. ताप आला की वरच्या ओठावर आधी घाम. मला यातलं अर्धंही ठाऊक नव्हतं. मला तिचा चेहरा येत होता तो फोटोतलाच, सपाट, भिंतीवरचा, आणि तो तिला परत देण्याची मी मिजास करत होतो. जिला दिसत नव्हतं तिच्याकडे सगळं होतं. तिला नुसता भिंतीवरचा फोटो दिसेनासा झाला होता, आणि मला वाटलं तिला चेहरा हवाय.

“इकडे या,” ती म्हणाली. मी गेलो. खाली बसा, म्हणाली. मी तिच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसलो. तिनं हात पुढे केला, तो आधी काचेला लागला. हे काय घातलंय, काढा ते. मी चष्मा काढला आणि खोलीतला उजेड एकदम पांढरा, बोचरा झाला. तिचा काळा झालेला हात माझ्या कपाळावर आला. इतक्या वर्षांत तिथं कुणाचा हात आला नव्हता. मी नकळत मान मागे घेतली.

“हलू नका.”

मी हललो नाही. तिची बोटं कपाळावरून भुवईच्या हाडावर आली, तिथं एक उंचवटा आहे, मी रोज दाढी करताना बघतो आणि कधीच बघितला नव्हता. तिथं ती थांबली. हे तिचं, म्हणाली. हे असंच होतं. मग कानशील, मग गालाचं हाड. गाल नाही, गाल माझा होता, म्हणाली, आणि स्वतःच्या गालाला एक बोट लावून परत आली. ती शोधत होती तसं नव्हतं. ठेवलेल्या जागी हात घालावा तसं होतं. खिडकीत पंखा अजून धूर बाहेर टाकत होता. आणि मग तिची बोटं माझ्या तोंडाच्या कडेशी आली, जिथं मी दगड बसवून ठेवला होता, आणि तिथंच राहिली.

“त्या दिवशी तुम्ही बाहेर आलात ना,” ती म्हणाली, “तेव्हाच कळलं होतं मला. सगळं होतं इथं. डॉक्टरांनी नंतर काय वेगळं सांगितलं?” तिनं अंगठा माझ्या तोंडाच्या कडेवरून फिरवला. “मी वाट बघत होते, तुम्ही माझ्याकडे कधी बघताय. मग मलाच दिसेनासं झालं.”

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या कानाच्या पलीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांच्या खाली सुरकुत्या आल्या होत्या, त्या कधी आल्या ते मला माहीत नव्हतं. केस कानांशी पांढरे झाले होते. गालावर मघाच्या बोटाची काजळी लागली होती, त्या गालावर. मला तिच्यात ठकी दिसली आणि ठकीच्या मागे ती दिसली, म्हातारी व्हायला लागलेली, एकटी. छातीत काहीतरी ताठ धरून बसलो होतो, ते इतकं सवयीचं झालं होतं की ते धरलंय हेही विसरलो होतो. तिचा दुसरा हात माझ्या गळ्याखाली, छातीवर आला आणि तिथं थांबून राहिला, काही हलतंय का ते बघत.

“सोडा,” ती म्हणाली. “आता श्वास सोडा.”

मी सोडला. जो आवाज झाला तो तिनं ऐकला, आणि हात काढला नाही.